बारा व्होल्टची जबाबदारी

जून २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल शहरात एका आजीने आपल्या वीस महिन्यांच्या नातीला टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीत मागच्या सीटवर बसवले, पट्टा बांधला, दार लावले आणि ती पुढच्या दाराकडे वळली. ते दार उघडेना. फोनमधली किल्ली चालेना, कार्डही चालेना. बाहेर वाळवंटातला उन्हाळा आणि बंद गाडीत एवढेसे मूल. शेवटी अग्निशमन दलाच्या जवानांनी कुऱ्हाडीने काच फोडून मुलीला बाहेर काढले. ती सुखरूप राहिली. गाडी अडली होती ती तिच्या छोट्या बॅटरीमुळे.

विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज आणखी एक बॅटरी असते, हे गाडी घेणाऱ्यांपैकी अनेकांना शोरूममध्ये कोणी सांगतच नाही. रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, मोठ्या बॅटरीवर वॉरंटी किती वर्षांची, याची उत्तरे सेल्समनला पाठ असतात. पेट्रोलच्या गाडीत असते तशीच बारा व्होल्टची बॅटरी याही गाडीत बसवलेली आहे, आणि ती उतरली तर शंभर टक्के चार्ज असलेली गाडीसुद्धा जागची हलणार नाही, हे बहुतेकांना कळते ते गाडी पहिल्यांदा मुकी होते तेव्हा.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे. गाडीच्या तळाशी असलेल्या मुख्य बॅटरीचा दाब साधारण ३०० ते ४०० व्होल्ट असतो. काही नव्या गाड्यांत तो ८०० च्या आसपास जातो. हा दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून गाडी बंद असताना ही बॅटरी उरलेल्या गाडीपासून पूर्णपणे तोडलेली असते. तोडण्या-जोडण्याचे काम कॉन्टॅक्टर नावाचे भक्कम स्विच करतात आणि ते स्विच ओढले जातात बारा व्होल्टवर. दारांची कुलुपे, दिवे, काचा, समोरचा स्क्रीन, ब्रेकचे नियंत्रण, चार्जरशी बोलणी करणारा संगणक, हे सगळे बारा व्होल्टवर चालते. गाडी सुरू झाली की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून वीज घेतो, तिचा दाब उतरवतो आणि छोटीला चार्ज करत राहतो. पेट्रोलच्या गाडीत अल्टरनेटर करतो तेच हे काम. पण सुरुवात छोटीनेच करायची असते. तिच्यात कॉन्टॅक्टर ओढण्यापुरता जोर उरला नसेल, तर पायाखाली ४५ युनिट वीज साठलेली असूनही उपयोग नाही. चार्जरची गन लावली तरी बहुतेक गाड्यांत काही घडत नाही, कारण गनला उत्तर देणारा संगणकच बंद असतो.

ज्या छोट्या बॅटरीवर हे सगळे टांगलेले आहे, तिच्यात सारी मिळून अर्धा युनिट वीज मावते आणि ती काही हजार रुपयांना मिळते.

शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल फिरवून इंजिन चालू करण्याचे दिवस संपत गेले. तेव्हापासून शंभर वर्षे या बॅटरीचे मुख्य काम एकच होते, क्षणभर शेकडो अँपिअरचा झटका देऊन इंजिन फिरवणे. त्या कामात एक सोय दडलेली होती. बॅटरी म्हातारी होऊ लागली की गाडी सेल नीट घेत नसे. सकाळी आवाज जड यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागायचे आणि मालक समजायचा की आता बॅटरीवाल्याकडे गेले पाहिजे. विजेच्या गाडीत स्टार्टर मोटरच नाही. कॉन्टॅक्टर आणि संगणक जागे करायला थोडीच वीज लागते. त्यामुळे झिजलेली बॅटरीही शेवटच्या दिवसापर्यंत काम निभावते आणि एके दिवशी अचानक हात टेकते. आदल्या संध्याकाळी गाडीला काहीही झालेले नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा लेख विजेच्या गाड्यांविरुद्ध वाचला जाईल. जर्मनीतील एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब दरवर्षी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचा हिशेब मांडतो. त्याच्या २०२४ च्या आकडेवारीत, २०२० ते २०२२ या काळात नोंदलेल्या गाड्यांपैकी विजेच्या हजार गाड्यांमागे ४.२ बिघाड झाले आणि इंधनावरच्या हजार गाड्यांमागे १०.४. म्हणजे विजेची गाडी मुळात कमी अडते. पण ती अडते तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळा दोष याच बारा व्होल्टच्या बॅटरीचा असतो. मोटर, मोठी बॅटरी, इन्व्हर्टर या अवघड आणि महागड्या गोष्टी कंपन्यांनी विश्वासार्ह करून दाखवल्या. राहिली ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट. अवघड ते जमले असताना सोपे राहून जावे, याला तांत्रिक मर्यादा हे कारण पटत नाही. तिकडे लक्ष दिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात तर हे लक्ष देण्याला अधिक कारण आहे. शिशाच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव इथे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. थंड देशात पाच-सहा वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे तेवढी टिकेल, हे गृहीत धरू नये.

उष्णतेच्या जोडीला गाडीच्या स्वतःच्या सवयी आहेत. आजची गाडी बंद केली तरी पूर्ण झोपत नाही. आतले सिम कार्ड नेटवर्कशी जोडलेले राहते. मालकाने फोनवरच्या ॲपमध्ये चार्ज किती उरला हे पाहिले की गाडीतले संगणक जागे होतात. किल्ली गाडीच्या अगदी जवळ टांगलेली असेल तरी काही गाड्या तिची चाहूल घेत राहतात. त्यात बाजारातून बसवलेला डॅशकॅम असतो, पार्किंगमध्येही चित्रण चालू ठेवणारा, आणि त्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली. अशी गाडी सोसायटीच्या तळघरात ठेवून घरचे महिनाभर मुलाकडे अमेरिकेला किंवा गणपतीला कोकणात गेले की परतल्यावर दार न उघडण्याची शक्यता बरीच असते. काही कंपन्या यावर उपाय करतात. उभी असलेली गाडी अधूनमधून छोट्या बॅटरीचा दाब तपासते आणि गरज पडली तर मोठीतून तिला चार्ज करून घेते. काही गाड्यांत ही सोय मोठी बॅटरी ठराविक पातळीच्या खाली गेली की थांबते. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना गाडी अगदी दहा टक्क्यांवर सोडून जाणे बरे नाही.

आणखी एक सवय माणसांची आहे आणि ती सहज बदलता येते. गाडीत बसून गाणी ऐकताना, कोणाची वाट पाहताना अनेकजण ब्रेक न दाबता नुसते बटण दाबतात. स्क्रीन लागतो, पंखा फिरतो, पण ‘रेडी’ची खूण आलेली नसते. बहुतेक गाड्यांत या अवस्थेत मोठी बॅटरी जोडलेलीच नसते आणि सगळा भार छोटीवर पडतो. ब्रेक दाबून गाडी ‘रेडी’ केली की कन्व्हर्टर कामाला लागतो आणि गाणी तासभर वाजली तरी हरकत नसते. गाडी ताब्यात देताना या एका गोष्टीसाठी शोरूमने पाच मिनिटे काढली तर बरेच फोन वाचतील.

मात्र सगळे मालकांच्या सवयींवर ढकलून चालणार नाही. ह्युंदाई आणि किआ यांच्या आयोनिक ५, ईव्ही६ या गाड्यांत चार्जिंग सांभाळणाऱ्या एका युनिटमध्ये दोष निघाला. आयसीसीयू हे त्याचे नाव. ते बिघडले की छोट्या बॅटरीला चार्ज मिळणे थांबते, मग चालती गाडी जोर गमावत जाते आणि शेवटी उभी राहते. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत या दोन कंपन्यांनी मिळून दोन लाखांहून अधिक गाड्या यासाठी परत बोलावल्या. भारतात ह्युंदाईने जून २०२४ मध्ये १,७४४ आयोनिक ५ गाड्या आणि किआने त्याच्या पुढच्याच महिन्यात १,१३८ ईव्ही६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कंपन्यांनी गाड्या बोलावल्या, सॉफ्टवेअर बदलले, गरज तिथे युनिट बदलून दिले. हे योग्यच झाले. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या घाटात मधल्या लेनमध्ये गाडीचा जोर जाऊ लागला, तर आत बसलेल्यांसाठी तो नुसता बॅटरीचा बिघाड राहत नाही.

दारांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांच्या बाहेरच्या हँडलांची चौकशी सुरू केली. आईवडील मुलाला मागे बसवायला किंवा उतरवायला गेले, दार लागले आणि पुन्हा उघडेना, अशा तक्रारी त्यामागे होत्या. चार प्रसंगांत काच फोडावी लागली. इलेक्ट्रॉनिक कुलपांना पुरेसा दाब मिळत नसावा, असे या यंत्रणेचे प्राथमिक म्हणणे होते. त्याहून महत्त्वाची नोंद अशी की, बॅटरी कमजोर झाल्याची सूचना आधी मिळाली होती असे एकाही तक्रारदाराने सांगितले नाही. या गाड्यांत आतून हाताने दार उघडण्याची सोय आहे, पण पट्ट्यात बांधलेल्या दोन वर्षांच्या मुलाला तिचा काय उपयोग? चीनने या बाबतीत ठाम पाऊल उचलले. १ जानेवारी २०२७ पासून तिथल्या नव्या गाड्यांच्या दारांना वीज नसतानाही आतून आणि बाहेरून उघडेल अशी यांत्रिक सोय सक्तीची केली आहे.

हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले, आणि तिथे विकायला ठेवलेली गाडी मॉडेल वायच आहे. दारात लपणारी हँडले आता भारतीय कंपन्यांच्या गाड्यांतही दिसतात. दिसायला ती देखणी आहेत आणि हवेचा रोध थोडा कमी होतो, हेही खरे. पण बॅटरी मेली असताना अनोळखी माणसाला बाहेरून दार उघडता येणे ही सुरक्षिततेची किमान अट आहे. ती डिझायनरच्या आवडीवर सोडता येणार नाही. पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था आपल्याकडे वाहनांची चाचणी आणि प्रमाणन करते. विजेच्या स्कूटरना २०२२ मध्ये लागोपाठ आगी लागल्या तेव्हा मोठ्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम सरकारने लवकर आणि चांगले कडक केले. तेवढीच तत्परता दारांच्या बाबतीत दाखवायला काचा फुटण्याची वाट पाहू नये.

तोपर्यंत गाडीवाल्याने काय करावे? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत रिमोटच्या आत एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते. ती कशी काढायची आणि चालकाच्या दाराचे किल्लीचे भोक कुठे झाकलेले आहे, हे गाडी चांगली चालत असताना एकदा करून पाहावे. बॉनेट उघडायची ओढणी बहुतेक ठिकाणी तारेवर चालते, तिला वीज लागत नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये पुढच्या बंपरवरची टो-हुकची टोपी काढली की दोन वायर हाती लागतात. त्यांना बाहेरून बारा व्होल्ट दिले की पुढचे झाकण उघडते. हे ज्ञान मॅन्युअलमध्ये आहे, पण ते मॅन्युअल अनेकदा गाडीच्या स्क्रीनवर असते आणि तो स्क्रीन त्या वेळी काळा असतो. फोनमध्ये ती पाने उतरवून ठेवलेली बरी.

जंप स्टार्ट विजेच्या गाडीला देता येतो आणि तो पेट्रोलच्या गाडीपेक्षा हलका असतो, कारण इंजिन फिरवायचे नसते. हातात मावणारा जंप स्टार्टर पुरतो. लाल क्लॅम्प प्लसला आणि काळा बॉडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि ठिणगी तिच्याजवळ पडू नये. गाडी ‘रेडी’ झाली की केबल काढून तशीच चालू ठेवावी, म्हणजे छोटी भरून येते. मोठ्या बॅटरीच्या जीवघेण्या दाबाच्या नारिंगी केबलना हात लावण्याची या कामात कुठेही गरज पडत नाही. आणि आपल्या हायवेसाठी एक इशारा मोठ्याने द्यायला हवा. अडलेल्याला पाहून थांबणारा ट्रकवाला मनाने मोठा असतो, पण त्याचा ट्रक चोवीस व्होल्टचा असतो. त्याच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडणीतून केबल ओढली तर गाडीतले संगणक जळू शकतात. उलट बाजूने, विजेच्या गाडीवरून शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीला जंप देणे बहुतेक कंपन्या स्पष्टपणे मना करतात, कारण स्टार्टर मोटर ओढते तेवढा प्रवाह देण्यासाठी ही छोटी बॅटरी बनवलेलीच नसते.

ढकलून चालू करणे इथे नाहीच. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक बारा व्होल्टशिवाय सुटत नाही, आणि चाके जमिनीवर ठेवून ओढत नेले तर मोटर फिरून नुकसान होऊ शकते. म्हणून गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवरूनच. समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर विजेच्या मोटारींना टोलमाफी देण्याचे धोरण राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केले. विजेच्या गाड्या त्या रस्त्यावर वाढाव्यात, हीच सरकारची इच्छा आहे. मग काही हजारांच्या बॅटरीसाठी फ्लॅटबेडची वाट पाहत कुटुंबाने वाशिम किंवा बुलढाण्याच्या उन्हात तासन्तास उभे राहायचे का, हा प्रश्नही त्याच धोरणाचा भाग झाला पाहिजे.

त्याचे उत्तर महामार्गाच्या प्रत्येक इंटरचेंजजवळच्या गावात आधीच बसलेले आहे. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी बॅटरीचे दुकान असते. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा, हायड्रोमीटर आणि लोड टेस्टर हाताळणारा, रात्री दारावर थाप पडली तरी उठणारा माणूस. बारा व्होल्टच्या बॅटरीबद्दल त्याला कोणी काही शिकवण्याची गरज नाही. पण गाडीवर हिरवी नंबरप्लेट दिसली की तो दोन पावले मागे सरकतो. “ईव्हीला आपण हात लावत नाही,” हे वाक्य वाहनधारकांना ठिकठिकाणी ऐकावे लागते. भीती दोन प्रकारची आहे, विजेच्या धक्क्याची आणि वॉरंटी गेली असे म्हणून कंपनी अंगावर येण्याची. कंपन्यांची काळजीही अगदी निराधार नाही. प्लस-मायनस उलटे जोडले तर डीसी-डीसी कन्व्हर्टर जळू शकतो आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो. पण त्यावरचा इलाज एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा आहे. नारिंगी केबल कोणत्या, जंप कुठे लावायचा, नवी बॅटरी बसवल्यावर गाडीला ते कसे कळवायचे, एवढे शिकवून या दुकानदारांना कंपनीने अधिकृत करावे. राज्यातल्या आयटीआयमध्ये हे काम सहज होऊ शकते. पोटावर पाय येईल म्हणून विजेच्या गाड्यांकडे धास्तीने पाहणाऱ्या मेकॅनिकला त्यातून धंदाही मिळेल.

बाकीचे काम कंपन्यांचे आहे आणि ते त्यांना जमत नाही असे नाही. ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिड आणि किआच्या निरो हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची बॅटरी उतरली तर एक रिसेट बटण होते. ते दाबले की लिथियमच्या बॅटरीत राखून ठेवलेली थोडी वीज मोकळी होते आणि गाडी सुरू होते. टेस्लाने २०२१ पासून शिशाची बॅटरी सोडून छोटीही लिथियमची करायला सुरुवात केली. अशा उपायांची किंमत पंधरा-वीस लाखांच्या गाडीत कुणाला जाणवणार नाही. एवढे करायचे नसेल तर निदान या बॅटरीची तब्येत स्क्रीनवर दाखवावी. मोठ्या बॅटरीची टक्केवारी दशांशापर्यंत सांगता येते, तर छोटीचा दाब महिनाभर घसरत चालला आहे, हे मालकाला कळवणे अशक्य नाही.

विजेच्या गाडीला ऑइल बदलायचे नसते, पीयूसी काढायची नसते, सर्व्हिसची मुदतही लांब असते. त्यामुळे बॉनेट उघडून कोणी आत पाहील असे प्रसंगच कमी येतात. म्हणूनच गाडी सर्व्हिसला आली की बारा व्होल्टच्या बॅटरीची लोड टेस्ट करून तिचा आकडा जॉब कार्डावर लिहिणे सक्तीचे असावे, आणि कमजोर ठरलेली बॅटरी पहिल्या पाच वर्षांत कंपनीने स्वतःच्या खर्चाने बदलून द्यावी. मोठ्या बॅटरीवर आठ-आठ वर्षांची हमी देणाऱ्या कंपन्यांना हे परवडते.